अर्जदार

राखीव यादीतून ब्रश वगळला गेला त्याला वर्ष होत आलं होतं. घरात तो विषय पहिल्यांदा मोठ्याने निघाला तो त्या रविवारी, जेवणं उरकल्यावर. तोवर सगळे "सध्या जरा मंदी आहे" एवढंच म्हणत होते.

सरकारी कचेऱ्या, इस्पितळं आणि शाळा यांनी फरशी घासायचे, बाटल्या धुवायचे ब्रश छोट्या कारखान्यांकडूनच घ्यायचे असा जुना नियम होता. त्या नियमावर घरामागच्या शेडमध्ये अण्णांचा कारखाना चालला, दोन मुलगे मोठे झाले, दोन सुना घरात आल्या. मग नियम बदलला. मोठ्या कंपनीचा प्लास्टिकचा ब्रश निम्म्या किमतीत कचेऱ्यांच्या दारात पोचू लागला आणि अण्णांचे कामगार एकेक करून दुसरीकडे गेले. आता तिघेच उरले होते.

थोरली सून बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, त्यामुळे टेबलाशी पाच जण होते. थोरल्याने पाण्याचा ग्लास बाजूला सारला.

"अण्णा, उद्योग खात्याची नवी योजना आलीय. नवीन माल काढण्यासाठी मशीन घेतलं तर तिसरा हिस्सा सरकार देतं, बाकीचं बँक. बुधवारी बाई पाहणीला येणार आहेत."

"कोण बाई?"

"खात्यातल्या अधिकारी."

"पाहणीला येणार म्हणजे अर्ज गेलाय. कुणी केला?"

"मी."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"मग आता काय आरती ओवाळू?" अण्णांनी खुर्ची मागे सरकवली. "सरळ सांगतो. उभ्या आयुष्यात मी कुणाच्या दारात हात पसरला नाही. दोन हात आणि एक करवत, एवढ्यावर उभा राहिलो. ज्याच्यात धमक असते त्याला सरकार लागत नाही. आणि ज्याच्यात नसते त्याला सरकार पुरत नाही."

हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. धाकट्याने संत्र्याची साल सोलता सोलता ते ओठांतल्या ओठांत पुरं केलं. धाकटा इतकं कमी बोलायचा की अण्णा त्याला लहानपणापासून 'मुका' म्हणत. पंचेचाळिशीला आला तरी नाव काही बदललं नव्हतं.

आई ताटं गोळा करत होती. ती थांबली.

"अहो, धमक तुमची होतीच. पण पहिली शेड कुणाची होती?"

"कुठली शेड?"

"औद्योगिक वसाहतीतली. सरकारनेच बांधून दिलेली, नावापुरतं भाडं होतं. वीज निम्म्या दराने. आणि पहिलं गिऱ्हाईक सरकारी इस्पितळ."

"ते सगळ्यांनाच मिळत होतं!"

"तेच म्हणतेय मी. सगळ्यांना मिळत होतं. मग त्या ओळीतले बाकीचे कुठेत आज?"

अण्णा गोंधळले. बायको आपल्या बाजूने बोलतेय की विरुद्ध, हे त्यांना कळेना. "शेजारच्याने शेड गोदामाला देऊन टाकली," ते म्हणाले. "पलीकडच्याने कर्जाच्या पैशात मोटार घेतली. तो साबणवाला तर दुपारी बाराला उठायचा."

"आणि तुम्ही पहाटे जाऊन ब्रशांचे केस विंचरत बसायचात. म्हणून टिकलात. पण बसायला जागा कुणीतरी दिली होती. दोन्ही खरं आहे. पोरांना नेहमी अर्धंच सांगता."

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. ते मुद्दाम काही लपवत नव्हते. गोष्ट सांगता सांगता त्यातली शेड कधी गळून गेली, हे त्यांचं त्यांनाच उमगलं नव्हतं.

थोरल्याला वाटलं, आई आपल्या बाजूला आली. तो जरा मोकळा झाला.

"आणि अण्णा, घाबरायचं कारण नाही. मशीन आपल्याकडे आहेच. जुनंच रंगवून घेऊ. मशीनवाला नव्याचं बिल देतो. अनुदान आलं की त्याचा वाटा त्याला, आपला आपल्याला. कामगारांचे पगार तरी सुटतील."

आईच्या हातातली ताटं पुन्हा टेबलावर आली. "म्हणजे मशीन घ्यायचंच नाही?"

"घेऊन काय करू? आपलेच ब्रश कोण घेत नाही, जास्त काढून कुणाला विकू? सगळेच करतात हे."

"सगळेच," आई म्हणाली आणि आत गेली.

थोरल्याने हातातला एक गडी गमावला होता. पण दुसरा लगेच मिळाला, तोही अनपेक्षित.

"मला एक बोलायचंय," धाकटी सून म्हणाली. "मशीन खरंच घेतलं तर विकायला माल आहे. ते फळांचे रूळ."

"फळांचे रूळ!" अण्णा हसले. "अगं, फळं पाण्याने धुतात. ब्रशाने घासायला ती काय फरशी आहे?"

थोरलाही हसला. क्षणापूर्वी एकमेकांवर गुरगुरणारे बापलेक एका सुरात हसले, आणि धाकटीला त्याचं नवल वाटलं नाही. नवीन काही निघालं की या दोघांचं नेहमीच एकमत व्हायचं.

रुळांची गोष्ट अशी होती. यादी गेल्यावर थोरला जुन्याच कचेऱ्यांना फेऱ्या मारत राहिला, तेव्हा धाकटी एक दिवस नमुन्यांची पिशवी स्कूटरला अडकवून निघाली. तिला कुणी पाठवलं नव्हतं. बेकरीवाल्याने दारातूनच वाटेला लावलं. लॉन्ड्रीवाल्याने ब्रश ठेवून घेतला आणि पैसे द्यायचे विसरला. गावाबाहेरच्या फळांच्या पॅकिंग कारखान्यातल्या फोरमनने मात्र पिशवीकडे पाहिलंही नाही. त्याने कोपऱ्यातून झिजलेला एक रूळ आणला. लाकडी दंडगोल, त्यावर चहूबाजूंनी बारीक केस. असे रूळ पट्ट्याखाली फिरत राहायचे आणि त्यांच्यावरून फळं धुऊन, पुसून पुढे जायची.

"परदेशातून येतो. यायला चार महिने लागतात," तो म्हणाला. "कराल?"

"करू," धाकटी म्हणाली. आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "मी हो म्हणून आलेय. आता कसं करायचं ते तू सांग."

पहिल्या रुळाने फळांवर ओरखडे काढले. दुसऱ्याचे केस पाण्यात सुटले. तिसरा फोरमनने ठेवून घेतला आणि चौथ्याच्या वेळी विचारलं, महिन्याला किती द्याल? तिथे गाडं अडलं. शेडमधलं जुनं मशीन सपाट ब्रशांचं, त्यावर रूळ बसत नव्हता; हाताने भोकं पाडून, हाताने केस भरून एक रूळ व्हायला दोन दिवस लागत होते.

"चार रूळ केलेस म्हणजे कारखाना झाला का?" थोरल्याने विचारलं.

"नाही झाला, दादा. म्हणूनच मशीन हवंय."

"आणि त्या फळवाल्याने उद्या पाठ फिरवली तर?"

"तर दुसरं गिऱ्हाईक शोधू."

"शोधू म्हणे! बोलायला काय जातंय."

धाकटीने नवऱ्याकडे बघितलं. तो संत्र्याच्या फोडी एका रांगेत मांडत होता.

*

मंगळवारी सकाळी थोरला स्वतः मशीन रंगवत होता. कामगारांना त्याने सुट्टी दिली होती. धाकटा दारात येऊन उभा राहिला.

"ब्रश कसा धरलायस," तो म्हणाला.

"ब्रश विकण्यात जन्म गेला, धरायची वेळ कधी आली?" थोरला हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. "तुलाही वाटतं मी चोर आहे?"

धाकट्याने वाटेतला रंगाचा डबा पायाने बाजूला सारला.

"कचेऱ्यांच्या बाकांवर बसून माझी पँट झिजली, मुक्या. कोणता कारकून कधी जागेवर असतो, कुणाच्या मुलीची परीक्षा आहे, कोणता कागद कुठे अडकतो, हे मला येतं. एवढंच येतं. अण्णा म्हणाले, तू बोलका आहेस, तू ऑर्डरी बघ. मी बघितल्या. आता ऑर्डरीच नाहीत, तर सगळे म्हणतात, उद्योजकासारखा विचार कर. कसा करतात तो? मला कुणी शिकवलं?"

धाकट्याने खाली ठेवलेला दुसरा ब्रश उचलला आणि मागची बाजू रंगवायला घेतली. त्याला हे पटलेलं नव्हतं. पण भावाला एकट्याने रंगवू देणंही त्याला जमलं नाही.

*

बुधवारी अधिकारी बाई सांगितलेल्या वेळेच्या आधीच आल्या. पायात साधी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी चहा नको म्हटलं, पाणी मागितलं. आठवड्यात अशा बऱ्याच शेडी त्यांना बघाव्या लागत, आणि कुठे खरं आहे नि कुठे देखावा, हे त्यांना बहुतेक वेळा उंबऱ्यातच कळायचं. तरी त्या विचारत सगळं. न विचारता लिहिलेला शेरा वरचे परत पाठवत.

"हे नवीन मशीन?"

"हो मॅडम," थोरला म्हणाला. "मागच्याच महिन्यात बसवलं. हे बिल."

बाईंनी बिल बघितलं, मशीन बघितलं, आणि मशीनपाशी उभ्या असलेल्या धाकट्याकडे वळल्या. "चालवतं कोण? तुम्ही?"

त्याने मान हलवली.

"कधी आलं हे?"

प्रश्न साधा होता. थोरला भावाच्या चेहऱ्याकडे बघत होता. अण्णा दारात होते, त्यांच्यामागे आई. धाकटी केसांच्या पेट्यांशी उभी होती. तिला नवऱ्याचं तोंड उघडायला हवं होतं, आणि उघडलं तर काय होईल याची भीतीही वाटत होती.

धाकट्याला खोटं बोलायचं नव्हतं असं नाही. उत्तर म्हणून त्याने मनात "मागच्या महिन्यात" हेच तयार ठेवलं होतं. पण मशीनकडे बघितल्यावर ते तोंडातून निघेना. त्याने डावा हात वर केला. त्या हाताला तीनच बोटं होती.

"दोन याच मशीनने घेतली," तो म्हणाला. "मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. दादानेच मला पाठीवर घालून इस्पितळात नेलं."

थोरला वळला आणि शेडबाहेर निघून गेला.

बाईंनी बिल परत केलं. "हा अर्ज नामंजूर होतोय. कारण 'मशीन योजनेत बसत नाही' एवढंच लिहिते. खरं कारण लिहिलं तर चौकशी लागेल, आणि ती माझ्याच गळ्यात पडेल."

त्या निघाल्या तशी धाकटी पुढे झाली आणि तिने एक रूळ त्यांच्या हातात दिला. ठरवून असं काही नव्हतं. तो हाताशी होता, इतकंच. बाईंनी तो उलटसुलट फिरवला, केसांवरून तळवा नेला.

"हे काय आहे?"

धाकटीने सांगितलं. बाईंनी मध्ये अडवलं नाही.

"हे अर्जात का नव्हतं?"

"अर्ज माझा नव्हता."

"कठीण आहे. एकदा नामंजूर झालं की त्या पत्त्यावरून वर्षभर अर्ज घेत नाहीत."

"फळवाले वर्षभर थांबणार नाहीत, मॅडम."

"अर्जदार वेगळा आणि माल वेगळा असेल तर वरच्या साहेबांना विनंती करता येते. ऐकतीलच असं नाही. बहुतेक वेळा नाहीच ऐकत." त्यांनी रूळ परत दिला. "पण करता येते."

*

घरात पुढचे काही दिवस भांड्यांचेच आवाज होते. थोरला सकाळी निघायचा आणि बाहेरच जेवायचा. आईने त्याचं ताट झाकून ठेवणं सोडलं नाही, आणि त्याच्याशी बोलणं सुरू केलं नाही. भाऊ भाऊ एका न्हाणीच्या दाराशी समोरासमोर आले तर दोघेही "जा तू" म्हणून मागे सरायचे.

अण्णा शेडमध्ये जाऊन बसू लागले. धाकटी रुळाला केस भरत असायची. भोकात तारेचा वेढा, वेढ्यात केसांचा गुच्छ, मग ओढ. पहिले दोन दिवस ते नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे केस मऊ आहेत, पण एकजात नाहीत. लवकर दबून बसतील."

"एकजात कसे ओळखायचे?"

"आण इकडे."

त्यांनी मूठभर केस टेबलावर आपटून सारखे केले, तळव्यावर दाबले, सोडले, काही वेगळे काढले. ती बघत राहिली. मग तिने निवडलेले केस घेतले आणि त्यांनी वेगळे काढलेले ओळीने टोपलीत टाकले.

"त्या फोरमनला हो म्हणालीस तेव्हा तुला हे करता येत होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग कशाच्या जोरावर हो म्हणालीस?"

"नाही म्हटलं असतं तर काय, घरीच यायचं होतं. ते कधीही करता आलं असतं."

यादी गेल्यापासून आपण एकदाही, कुणालाही, कशालाही हो म्हटलेलं नाही, एवढं अण्णांच्या लक्षात आलं. स्वाभिमान समजून ते जे जपत बसले होते, त्यातला किती स्वाभिमान आणि किती नुसता कंटाळा, याचा त्यांनी जेवणाची हाक येईपर्यंत विचार केला.

संध्याकाळी ते थोरल्याच्या खोलीत गेले. तो पलंगावर पाय खाली सोडून बसला होता.

"कचेरीत कसं जायचं असतं?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही? कशाला?"

"धाकटीचा अर्ज घेऊन. त्या बाई म्हणाल्या ना, वरच्या साहेबांना भेटा. मला त्यातलं काही माहीत नाही, म्हणून विचारतोय."

"आणि तिच्या नावावर अर्ज तुम्हाला चालेल?"

"रूळ ती करते. माझं नाव लिहून काय होणार? तुझं लिहिलं होतंस, काय झालं?"

ते लागलं. थोरल्याने पाय पलंगावर घेतले. मग म्हणाला, "सोमवारी जाऊ नका. सोमवारी तिथे कुणीच ऐकून घेत नाही. मंगळवारी, दुपारच्या जेवणाआधी. आणि एकटे जाऊ नका. तुम्ही भांडाल."

*

साहेबांच्या कचेरीचा बोळ लांब होता आणि एकच खिडकी उघडी होती. बापलेक बाकावर बसले. अण्णांच्या मांडीवर कागदी पिशवीत रूळ होता. पहिल्या अर्ध्या तासात ते तीनदा उठून दारापर्यंत गेले. प्रत्येक वेळी थोरल्याने त्यांना कोपराला धरून परत बसवलं.

"तो माणूस आपल्यानंतर आला आणि आत गेला!"

"तो इथलाच आहे, अण्णा. दिव्याची नळी बदलायला गेलाय."

अण्णा बसले. समोरच्या भिंतीला कित्येक माणसांच्या डोक्यांचे तेलकट डाग होते, सगळे साधारण एकाच उंचीवर.

"रोज असाच बसायचास?"

"रोज नाही. पण महिन्याचा निम्मा वेळ जायचा."

"घरी कधी बोलला नाहीस."

"काय बोलायचं? तुम्ही म्हणायचात, याला काम काय, नुसतं गप्पा मारून येतो."

अण्णांना ते म्हटल्याचं आठवत होतं. त्यांनी रुळाची पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "पाणी कुठे मिळतं इथे?" त्यांनी विचारलं, आणि थोरला उठून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आला.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर परवानगी मिळाली, पण सुखासुखी नाही. मशीन यायला सात महिने लागले. तोवर फळवाल्यांनी निम्मे रूळ बाहेरून मागवले आणि तीन कामगारांतला एक सोडून गेला. नंतर थोरल्याने बटाटे धुणाऱ्या एका कारखान्याची ऑर्डर आणली. खासगी गिऱ्हाइकाकडून आणलेली ही त्याची पहिली ऑर्डर, आणि तीही बऱ्याच दारांतून परतल्यानंतरची. शेड चालू राहिली. भरभराट म्हणावी असं काही वर्षं तरी झालं नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या मंगळवारी बोळात बसलेल्या दोघांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

शिपायाने हाक मारली. साहेब चष्मा कपाळावर चढवून अर्ज वाचत होते.

"अर्जदार कोण? तुमच्यापैकी?"

"दोघंही नाही," अण्णा म्हणाले. "आमची धाकटी सून."

"मग ती कुठेय? अर्जदाराने स्वतः यायचं असतं."

"ती कामावर आहे. फळांच्या कारखान्यात रूळ बसवायला गेलीय. काम सोडून इथे येऊन बसली असती, तर तिला मशीन द्यावं असं तुम्हाला तरी वाटलं असतं का?"

थोरल्याने डोळे मिटले. पण साहेबांनी चष्मा खाली घेतला आणि अण्णांकडे नीट बघितलं.

"शुक्रवारी तिला आणा. तोवर कागद माझ्याकडे ठेवतो." त्यांनी कोरा कागद ओढला. "या कारखान्यात कोण कोण काम करतं ते सांगा. तुम्ही कोण तिथे?"

अण्णांनी तोंड उघडलं. शेडवरच्या पाटीवर त्यांचंच नाव होतं, आणि हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. ते मुलाकडे बघू लागले.

"हे केस निवडतात," थोरला म्हणाला. "आणि मी विक्री बघतो."

साहेबांनी तसं लिहून घेतलं.